स्क्रूकडची बाजू

दादाच्या दुर्बिणीचे आरसे जुळवायचे असले की माझी जागा ठरलेली असायची. तो वरच्या टोकाला, जिथं डोळा लावतात तिथं उभा, आणि मी खालच्या टोकाला, मोठ्या आरशाच्या पाठीमागं, फरशीवर बसकण मारून. आरशाच्या पाठीला तीन स्क्रू होते. तो आत बघून सांगायचा, मी फिरवायचे. त्यानं स्क्रूंना नावंही देऊन ठेवली होती. त्याचं घर अष्टमीत, रोह्याहून पूल ओलांडला की थोडं आत. मागच्या अंगणातून कुंडलिका दिसत नाही, पण ती कुठल्या अंगाला आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून एक स्क्रू नदीकडचा, एक भिंतीकडचा, आणि एक चुलीकडचा, कारण त्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी होती. जुळवताना तो नळीचं तोंड नेहमी एकाच दिशेला करून ठेवायचा, म्हणजे नावं चुकायची नाहीत. "नदीकडचा, सावकाश," तो वरून म्हणायचा. "बस. आता चुलीकडचा, किंचित."  मग, "झालं, ऊठ."

त्याला आत काय दिसत होतं ते मी कधी पाहिलं नाही. जुळवून झालं की तो आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावायचा आणि मला थेट शनी किंवा गुरू दाखवायचा.

दुर्बीण त्यानं स्वतः बनवली होती. परातीएवढा काचेचा जाड तवा, तो मागच्या खोलीत उभं राहून दुसऱ्या काचेवर पाणी आणि पूड घालून घासत असायचा. कंपनीतून शिफ्ट संपवून आला की जेवायचा आणि घासायला लागायचा. त्या आवाजानं वहिनीचं डोकं उठायचं. आरशाला चकाकी चढवून आणली, फायबरची नळी धरमतरकडे होड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून करून घेतली आणि लाकडी बैठक घरीच ठोकली. उभी केली तर नळी त्याच्या डोक्याच्या वर जायची. खालचा मोठा आरसा उजेड गोळा करतो, तोंडाजवळचा छोटा तिरका आरसा तो बाजूला वळवतो आणि तिथं डोळा लावायचा. दोन्ही आरसे एका ओळीत नसतील तर ताऱ्याचा ठिपका दिसत नाही, शेपूट फुटल्यासारखं काहीतरी दिसतं. हलवाहलव झाली की ओळ मोडते. त्यामुळे जुळवणं हे एकदा करून संपणारं काम नव्हतं.

मी पेणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एकटी राहते. रविवारी एसटीनं रोह्याला जायचे, दुपारी वहिनीच्या हातचं जेवायचे, संध्याकाळी स्क्रू फिरवायचे. असं कितीतरी वर्षं चाललं होतं.

दादा यंदा श्रावणात गेला. निवृत्त होऊन फार काळ झाला नव्हता. सकाळी नदीकाठानं फिरायला गेला, बाकावर बसला आणि उठला नाही. फोन आला तेव्हा माझ्यापुढं सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची एक स्लाइड होती. मी फोन ऐकला, ठेवला आणि ती स्लाइड पुरी पाहिली. आकडे भरले. मग हातमोजे काढले आणि साहेबांना सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी चुकीचं बोलले असावे.

अष्टमीला पोचले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. बाया तिला म्हणत होत्या, रड गो, मोकळी हो. ती रडली नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. मलाही काही आलं नाही. मी पाणी आणून देत होते, चपला सरळ करत होते, कोण आलं कोण गेलं ते बघत होते. तेराव्यापर्यंत तसंच गेलं. नंतर पेणला परत येऊन कामाला लागले. जेवण जायचं, झोप लागायची. कुणी विचारलं तर बरी आहे म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. हाताला भूल दिल्यावर हात आपलाच असतो पण कुणाचा तरी ठेवलेला वाटतो, तसं सगळं अंगभर होतं.

दसरा झाल्यावर वहिनीचा फोन आला. दादाची मुलगी, माझी भाची, बाळंतपणाला येणार होती, मागची खोली साफ करून चुना काढायचा होता. दुर्बीण तिथंच होती, चादर टाकलेली. वहिनी म्हणाली, दोघांतिघांनी विचारलं, शाळेतले एक सरही येऊन बघून गेले.

"पण मी दुसऱ्या कोणाला देणार नाय," ती म्हणाली. "तू ने, बाय."

मी बरं म्हटलं. नेऊन काय करणार याचा विचार केला नाही.

हमरापूरचा एक टेम्पोवाला ओळखीचा होता. हंगामात गणपती पोचवतो, एरवी मिळेल ते भाडं घेतो. त्याच्या टेम्पोत फळीच्या फटींतून अजून गुलाबी रंगाची भुकटी होती. त्यानं पेंढा पसरला, वर गोधड्या, त्यावर नळी आडवी घातली आणि दोरीनं बांधली. मोठा आरसा मी नळीतून काढून गादीत गुंडाळला आणि पुढं केबिनमध्ये मांडीवर घेऊन बसले.  नागोठण्याजवळ त्यानं विचारलं की एवढं जपून धरलंय ते काय आहे. मी आरसा म्हटलं. त्यावर त्यानं मान हलवली आणि खड्डा चुकवला.

वहिनी दारात उभी होती आम्ही निघालो तेव्हा. ती टेम्पोच्या मागच्या बाजूला हात लावून थोडी चालली, मग थांबली.

पेणला माझ्या घरामागं थोडं अंगण आहे, एक पेरूचं झाड आणि कपडे वाळत घालायची तार. तार सोडून मी दुर्बीण तिथं उभी केली. आरसा बसवला. आता जुळवायचं तर मला वरही असायला हवं होतं आणि खालीही. वरून भोकातून बघायचं, मग नळीला वळसा घालून खाली येऊन स्क्रू फिरवायचा, मग परत वर जाऊन बघायचं की कुठं सरकलं. शिवाय नदीकडचा कुठला ते आता सांगता येत नव्हतं. माझ्या अंगणाला नदी नाही.

दादाच्या हत्यारांच्या डब्यात एक लेझर होता, अंगठ्याएवढा जाड. शेवटच्या वर्षात त्यानं घेतला होता आणि माझ्यासमोर एकदाच वापरला होता. आयपीसच्या जागी तो बसवायचा, त्याचा लाल किरण छोट्या आरशावरून मोठ्या आरशावर पडतो, मोठ्या आरशाच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी कडीत तो आणायचा, म्हणजे छोटा आरसा सरळ झाला. मग किरण उलटा येऊन लेझरच्या तोंडावरच्या खुणेत पडेपर्यंत मागचे स्क्रू फिरवायचे. हे एकट्यानं जमतं, कारण खुणेची बाजू मोठ्या आरशामागं बसूनही दिसते. मी ते सगळं केलं. लाल ठिपका खुणेत बसला. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. कपडे वाळत घातल्यावर वाटतं तेवढंच वाटलं.

दिवस मावळल्यावर शनी वर आला होता. मी दादाचा छोटा आयपीस लावला. चष्म्यासकट डोळा नेला तर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखा मधलाच एक तुकडा दिसला. चष्मा काढून डोळा काचेला अगदी टेकवला तर चित्र पुरं आलं, पण शनी एका बाजूला फिसकटलेला होता, ओल्या रंगावर कुणाचं बोट लागावं तसा. माझ्या डोळ्याला तिरका नंबर आहे, दादाला चष्माच नव्हता. म्हणून मी म्हटलं, माझ्याच डोळ्याचा दोष. झाकण लावून आत गेले. नंतर बरेच दिवस तिकडे फिरकले नाही. सकाळी दार उघडलं की ती दिसायची, प्लास्टिकखाली, आणि मी नळ सोडून बादली भरायचे.

दादाबरोबर आकाश बघायला जाणारे पनवेलचे एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. दुर्बीण पेणला आली हे त्यांना वहिनीकडून कळलं. फोन करून ते एका संध्याकाळी आले. हातात ॲल्युमिनियमची पेटी, आत फोममध्ये खाचा करून आयपीस ठेवलेले, वैद्याच्या पेटीतल्या बाटल्यांसारखे. चहा घेतला, दादाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग फक्त काचांबद्दल बोलत राहिले. त्याबद्दल मी त्यांची आभारी होते.

शनी लावला. त्यांनी पाहिलं, हं म्हणाले. मी माझ्या डोळ्याचं सांगितलं. तेव्हा त्यांनी मला चष्मा काढून आयपीसला डोळा लावायला सांगितला, आणि डोळा न हलवता मान एका खांद्याकडे कलवायला सांगितली.

"फिसकटलेलं मानेबरोबर फिरतंय की तिथंच राहतंय?" त्यांनी विचारलं.

मी मान कलती केली. ते तिथंच राहिलं.

"मग ते तुमच्या डोळ्याचं नाही, ताई. दुर्बिणीचं आहे."

मग त्यांनी कमी वर्धनाचा, म्हणजे चित्र कमी मोठं करणारा आयपीस लावून एक तारा दाखवला आणि पुन्हा मान फिरवायला सांगितली. या वेळी ताऱ्याची बारीक रेघ झाली होती आणि ती मानेबरोबर फिरली. हे माझं. म्हणजे दोन्ही होतं. त्यांनी समजावलं की वर्धन जास्त असलं की आयपीसमधून बाहेर येणारा उजेडाचा झोत इतका बारीक असतो की बुबुळाचा मधला कणच वापरला जातो, तिथं तिरका नंबर फारसा जाणवत नाही. वर्धन कमी झालं की झोत जाड होतो, मग चष्मा हवाच. आणि चष्म्यासकट बघायचं तर काचेपासून बोटभर लांबूनही सगळं चित्र दिसेल असा आयपीस हवा. दादाचे सगळे आयपीस लहान भोकाचे, पापणी लागेल इतक्या जवळून बघायचे. त्यांत काच कमी, दोष कमी, चित्र धारदार. त्यानं ते एकेक करून जमवले होते.

"त्याचे आयपीस त्याच्या डोळ्याचे होते," ते म्हणाले. "तुम्हाला तुमचे घ्यावे लागतील."

त्यांच्या पेटीतले मी लावून पाहिले. एक तर सोललेल्या नारळाएवढा होता. तो लावल्यावर खिडकी उघडावी तसं आकाश पसरलं, पण त्याच्या वजनानं नळी आपोआप खाली झुकायला लागली. ते म्हणाले, सगळे याच्याच मागं लागतात. दुसरा मध्यम होता, त्याच्या रबराची कड खाली दुमडली की चष्मा तिच्यावर नीट टेकायचा. त्यात मी पहिल्यांदा काठापासून काठापर्यंत चित्र पाहिलं. तारा मधून काठाकडे नेला की त्याला पंख फुटत होते. हा आयपीसचा दोष का, मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. आरशाच्या मानानं नळी आखूड असली की काठाला असं थोडं होतंच, स्वस्त आयपीसमध्ये जास्त होतं, पण आधी आरसे जुळले पाहिजेत. तोपर्यंत कशालाच नावं ठेवू नका आणि काही विकतही घेऊ नका. मी लेझरनं जुळवलं होतं हे सांगितलं तर ते जरा विचारात पडले, पण त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. मध्यम आयपीस आणि आणखी एक असे दोन माझ्याकडे ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये मी मशीन चालू केलं आणि रोजच्यासारखा कंट्रोल लावला. पेशंटचं रक्त घालायच्या आधी, ज्याचं उत्तर माहीत आहे असा नमुना मशीनला द्यायचा. ते बरोबर बोललं तरच पुढचं खरं मानायचं. नमुना आत गेला आणि माझ्या मनात आलं की त्या लेझरला कंट्रोल कुणी लावला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी लेझर परत बसवला आणि किरण मोठ्या आरशावर असताना तो आपल्या जागी हळूहळू गोल फिरवला. लेझर सरळ असता तर ठिपका एका जागी राहिला असता. तो आरशावर गोल फिरला, बांगडीएवढा. टेम्पोत हिसका बसला असेल किंवा आधीपासूनच तसा असेल. मी वाकड्या काठीनं रेघ मारली होती. छोटा आरसाही बिघडवून ठेवला होता आणि मोठाही.

डब्यात तळाशी फिल्मच्या रोलची जुनी काळी डबी होती. तिच्या बुडाला मधोमध सुईनं पाडलेलं भोक, आतून पांढरा रंग. लेझर यायच्या आधी दादा हीच लावायचा. ही लावून बघायचं तर खाली माणूस हवं होतं.

वहिनी त्याच आठवड्यात पेणला आली. भाची सातव्यात होती, तिच्या सासरी पाठवायला पोह्याचे पापड हवे होते, आणि पापड पेणचेच हवे होते. दुपारी पिशव्या भरून घरी आली, जेवली, आडवी झाली. उठल्यावर मी तिला म्हटलं की जरा अंगणात येशील का, हात लागेल.

मी तिला पाट दिला. गुडघे दुखतात म्हणून ती पाटावर तिरकी बसली, मोठ्या आरशाच्या पाठीशी. मी वरच्या टोकाला गेले आणि डबी बसवून भोकाला डोळा लावला.

आत काय असतं ते मला इतक्या वर्षांनी दिसलं. एका गोलात दुसरा गोल, त्याच्या आत तिसरा. छोट्या आरशाची कड, त्यात मोठा आरसा, मोठ्या आरशात परत छोट्या आरशाची काळी सावली, आणि त्या सगळ्याच्या आत पांढऱ्यावर एक काळा कण. तो कण म्हणजे मी ज्यातून बघत होते ते भोक. त्यामागं माझं बुबुळ. कागदी कडी त्या कणाभोवती यायला हवी होती आणि ती एका बाजूला गेलेली होती. आधी छोटा आरसा मी स्वतःच वरून पान्यानं सरळ केला, तो हाताच्या टप्प्यात होता. त्यात वेळ गेला. वहिनी खाली बसून पेरूच्या झाडाकडे बघत होती.

मग मोठा आरसा. मी भोकाला डोळा लावून सवयीनं म्हणाले, "नदीकडचा." आणि थांबले. तिला कसं सांगावं ते जुळवत होते, की दाराकडचा, की पेरूच्या बाजूचा.

"ह्यो ना?" खालून वहिनी म्हणाली, आणि आत कडी हलली. मला हवी होती त्याच बाजूला.

मी डोळा काढून नळीच्या बाजूनं खाली पाहिलं. तिचा हात बरोबर स्क्रूवर होता.

"तुला कसं ठाऊक?"

"खिडकीतून दिसायचात ना तुम्ही," ती म्हणाली. "नदीकडचा, भिंतीकडचा, चुलीकडचा. भाकऱ्या थापताना ऐकायची मी. मना कधी बोलावलं नाय त्यांनी, पण कुठला कंचा ते ठाव हाय."

मी परत डोळा लावला. तिला सावकाश म्हटलं, ती सावकाश फिरवत होती. कडी कणाच्या जवळ येत होती. मध्ये ती जास्त झाली, मी मागं म्हटलं, ती मागं गेली. नळी पोकळ असल्यामुळे तिचा आवाज आतून वर यायचा, जवळून आल्यासारखा.

"त्या दिशी सकाळी मना म्हणाले होते, तू पण चल फिरायला," ती म्हणाली. "कधी म्हणत नसत. मी म्हटलं, भाकऱ्या व्हायच्यात."

 आतल्या गोलांत माझा डोळा होता आणि कडी अजून नखभर बाहेर होती.

"कुणाला सांगितलं नाय मी. पोरीला पन नाय."

 मी शोधलं, खरंच शोधलं, एखादं वाक्य, आणि आत सगळं सपाट होतं. मी म्हणाले, "चुलीकडचा. थोडा उलट."

तिनं फिरवला. कडी कणाभोवती येऊन बसली. मी डोळा काढला, पुन्हा लावला, ती तिथंच होती. मग मी खाली गेले आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले. ती हाताला लागलेला गंज पदराला पुसत होती.  शेजारी कुणीतरी वाटण वाटत होतं, मिक्सर थांबायचा, परत सुरू व्हायचा. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याचा आधार घेऊन उठली.

ती त्या दिवशी परत गेली नाही. भाचीजवळ तिची सासू आली होती, म्हणून राहिली. दिवेलागणीनंतर मी दुर्बीण आधी एका ताऱ्याकडे वळवली. ध्रुव जागचा हलत नाही म्हणून लोक त्याच्यावर तपासतात, पण आपल्याकडे तो फार खाली, घरांच्या आड असतो. मी पश्चिमेचा श्रवण तारा धरला. तो मुद्दाम अंधुक केला की ठिपक्याचं चाक होतं, आणि त्या चाकात वर्तुळं दिसतात. वर्तुळं एकाच मध्याची असली की आरसे जुळले. ती होती. पनवेलच्या गृहस्थांचा मध्यम आयपीस लावला आणि तारा काठापर्यंत नेला. अगदी कडेला किंचित ताणला, पण पंख गेले होते. दुसरा लावला, त्यात ते होते. आता कुणाचा दोष ते कळत होतं.

शनी लावून मी वहिनीला बोलावलं. तिनं मध्यम आयपीसमधून पाहिलं आणि डोळा पुढंमागं करत राहिली, तिला सावल्या येत होत्या. चष्मा न लावणाऱ्याला कधीकधी तो आयपीस असा छळतो. तिला वाचायला चष्मा लागतो, लांबचं चांगलं दिसतं. मी दादाचा छोटा आयपीस काढून लावला. तिनं डोळा अगदी टेकवला आणि स्थिर झाली.

यंदा शनीची कडी आपल्याला जवळजवळ धारेवरून दिसते. चित्रात असते तशी कडी नाही. गोळ्याच्या आरपार सुई घातल्यासारखी एक रेघ. मी तिला ते आधी सांगायला हवं होतं, तिला वाटलं असेल काहीतरी मोठं दिसणार.

"येवढंच?" ती म्हणाली.

"यंदा एवढंच. पुढं उघडत जाईल."

तिनं डोळा काढला नाही. शनी सरकत सरकत काठाला जायचा, मी नळी ढकलून परत मध्ये आणायचे.  शेवटी पाय दुखायला लागले तेव्हा बाजूला झाली आणि आम्ही आत जाऊन भात लावला.

दुसऱ्या दिवशी ती पापड घेऊन गेली. निघताना मी तिला विचारलं की दादाचे आयपीस तू ने का, तुझ्या डोळ्याला बसतात. तिनं थोडा विचार केला आणि नको म्हणाली. घरी नेऊन नुसते कपाटात राहतील, इथंच असू देत, मी येईन तेव्हा लाव. तेव्हापासून ते डब्यात वेगळ्या कप्प्यात आहेत. ती आलीही दोनदा. एकदा भाचीच्या तपासणीसाठी पेणला यायचं होतं म्हणून, आणि एकदा कशासाठीच नाही.

माझ्यासाठी मी मध्यम आयपीस मागवला, आणि कमी वर्धनाचा एक, तोही चष्म्यासकट बघता येईल असा. पनवेलच्या गृहस्थांनी आणखी तीन सुचवले होते. ते सध्या नको म्हटलं. दोन पुरतात. त्यांचे ठेवलेले आयपीस परत करायला मी गेले तेव्हा त्यांनी माझी हिशेबी निवड बघून हसून दाद दिली.

पौषात भाचीला मुलगी झाली. बारशाला अष्टमीला गेले तेव्हा मागच्या खोलीत पाळणा होता आणि भिंती पांढऱ्या होत्या. बाळ माझ्याकडे दिलं, मी घेतलं. बायकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बाळ गरम होतं, जड होतं, त्याच्या टाळूला तेलाचा वास होता. एवढं मला कळत होतं.

परत आले त्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. मी आरसे तपासले. एकटीला ते आता जमतं, मोठा बिघाड नसला तर, नुसता थोडा वेळ लागतो. पूर्वेला मृग वर आला होता. कमी वर्धनाचा आयपीस लावून त्याच्या तलवारीतला तेजोमेघ बघितला. चष्मा रबरावर टेकवला आणि चित्र काठापासून काठापर्यंत आलं. राखाडी पंखासारखा पसरलेला उजेड, मध्ये चार तारे जवळजवळ बसलेले, चौघांचे चार वेगळे ठिपके. रडू आलं नाही. थंडी वाजत होती, म्हणून आत जाऊन स्वेटर घातला आणि परत येऊन बघत राहिले.